यंत्रातले पाच निळे दिवे

मी चाळिशी ओलांडलेला माणूस. धुळ्यातल्या एका सरकारी कार्यालयात फायली सरकवतो, एकटा राहतो, आणि गेल्या उन्हाळ्यात सिनेमातलं एक खोटं यंत्र बनवत होतो. हे चारचौघांत सांगायची सोय नाही. शेजारच्या अक्का दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "हाई काय शे भाऊ, टीव्हीना रिमोट शे का?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार.

कॉलेजात असताना वसतिगृहाच्या खोलीत मी आणि माझा यावलचा मित्र अंतराळाचा एक इंग्रजी सिनेमा पुन्हा पुन्हा पाहायचो. त्यातल्या अंतराळवीराकडे संदेश पाठवायचं हातात मावेल असं यंत्र असतं. पलीकडे कुणी ऐकलं की त्यावर पाच निळे दिवे लागतात. आम्ही ते पुठ्ठ्याचं केलं होतं आणि दिव्यांच्या जागी निळ्या टिकल्या चिकटवल्या होत्या. "एकदा खऱ्या दिव्यांचं करू भो," तो म्हणाला होता. पुढे तो परदेशात गेला. आधी फोन यायचे, मग नुसते मेसेज, मग दिवाळीला एक पणतीचं चित्र.

मे महिन्यात त्याचा अचानक मेसेज आला. बायको-मुलीला घेऊन तो मुंबईहून दिल्लीला जाणार होता. दुपारी गाडी जळगावला पाच मिनिटं थांबणार होती. "स्टेशनवर येतोस का?" मी लगेच रजा टाकली. ते यंत्र खऱ्या दिव्यांनिशी त्याच्या हातात द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. खरं सांगायचं तर, त्याच्याही ते लक्षात आहे का, हे मला बघायचं होतं. आता मला असं विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

प्लास्टिकच्या पाइपचा सांगाडा दोन दिवसांत झाला. दिव्यांनी मात्र घाम काढला. एलईडीचा लांब पाय प्लसला आणि आखूड मायनसला, एवढीही अक्कल मला नव्हती. दोन जाळल्यावर लग्नाच्या माळा दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी तारेला सोल्डरिंगचा डाग कसा द्यायचा ते हाताला धरून शिकवलं.

उन्हाळ्यात धुळ्यात सकाळी दहानंतर खिडक्या उघड्या ठेवणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर वेडा. भर दुपारी माझ्या खोलीत अंधार असतो. त्या अंधारात दिवे लागले तेव्हा डोळ्यांना टोचायला लागले. सिनेमात ते मंद होते. म्हणून मी आतून ट्रेसिंग पेपर लावला, तोही दुहेरी, आणि सगळं गोंदाने बंद करून टाकलं. आता अगदी तस्सं दिसत होतं. पलंगावर बसून मी कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो. त्या दुपारी मी खूश होतो.

जळगावला त्याचा डबा नेमका शेडच्या बाहेर, उन्हात थांबला. तो उतरला, मिठी मारली. अंगाने सुटला होता. बायकोने दारातूनच नमस्कार केला. मी यंत्र काढून बटण दाबलं. काहीच दिसेना. बंद करून पुन्हा दाबलं. मग हाताचा आडोसा करून आत पाहिलं, तर पाचही दिवे लागलेले होते. एवढ्या उन्हात ते दिसणार कसे? बंद खोलीत बसून हुशारी करणाऱ्या गाढवाला हे सुचलंच नव्हतं.

तोवर त्याने ते हातात घेतलं. "अरे, सेम टू सेम भो," म्हणाला आणि फोटो काढला. तेवढ्यात मुलीने पाणी मागितलं, तो बाटली शोधायला वळला. आडोसा करून बघ, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. गाडीने भोंगा दिला. "तुझ्याकडेच ठेव, विमानात उगाच अडवतील," म्हणत त्याने ते माझ्या हातात दिलं आणि तो चढला.

दोन दिवसांनी त्याने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "भारी झालंय. पण खरे दिवे बसवायचं ठरलं होतं ना आपलं? तेवढं राहिलं बघ."

मी लिहिलं, "हो रे, राहिलंच."