विहिरींचा नकाशा

मल्लिनाथ बिराजदार सोलापुरात पाणी-संशोधनाच्या कार्यालयात नकाशे काढत. शहात्तर साली साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी जिल्ह्यातल्या विहिरींचा नकाशा एका परदेशी शास्त्रज्ञाला पाठवला, आणि महिन्याभरात पोलिसांचं बोलावणं आलं. आणीबाणीचे दिवस. गेलेला माणूस घरी परतेल याचा भरवसा नव्हता. मल्लिनाथ पोलीस ठाण्यात हजर झाले.

अधिकाऱ्याने नकाशाची प्रत पुढे सरकवली. "भीमेवरचा रेल्वेपूल, विमानतळ कुठे दाखवलेत?"

"मीच गाळले, साहेब. त्यांना विहिरींचं पाणी किती खोल, एवढंच हवं होतं. बाकीचं बाहेर कशाला?"

अधिकाऱ्याने नकाशावरून बोट फिरवून पाहिलं आणि तो घडी करून फाइलीत ठेवला. मग म्हणाला, "जा."

मल्लिनाथ सुटले. पुढे त्या शास्त्रज्ञाची तीन पत्रं आली. उत्तराला कार्यालयातल्या साहेबांची परवानगी होती, पण मल्लिनाथांचा हात कागदाला लागेना.