दोन ठिपक्यांची डाय

डाय म्हटलं की आमच्या ह्यांची तहानभूक हरपते. सातपूरला आमचा छोटासा गाळा आहे, पत्र्याला आकार देणाऱ्या डाय बनवतात तिथे. लग्न झाल्यापासून एकच ऐकत आलेय, "अगं, माल कसा निघणार ते डाय ठरवते." असेल बाई! मला आपलं तेलकट शर्ट धुण्यापुरतं त्यातलं कळायचं. पण त्या वर्षी आमच्या घरात डायवाचून दुसरा विषय नव्हता, कारण डाय हवी होती लेकीला.

ती एअर रायफल मारते. दहा मीटरवरून शिशाचे छर्रे, आणि मधला ठिपका एवढासा की मला चष्मा लावूनही दिसत नाही. राज्याच्या संघाची निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात होती. तिच्या वयोगटातलं हे शेवटचंच वर्ष. आणि नेमका तेव्हाच तिच्या सवयीच्या छर्ऱ्यांचा साठा संपला. नवे डबे आले, नाव तेच, पण छर्रा केसभर जाड-बारीक. रायफल तीच, हात तोच, आणि भोकं कागदभर पांगलेली. पोरगी जेवेना.

"हात्तिच्या, एवढंच ना?" हे म्हणाले. पोलादाच्या तुकड्याला नेमकं भोक पाडायचं, छर्रा त्यातून ढकलायचा, सगळे एका मापाचे होतात. ह्यांनी तीन डाय केल्या. एक सैल, एक मधली, एक घट्ट. ओळखायला एक, दोन आणि तीन ठिपके ठोकले.

मग काय, दर रविवारी बापलेक रेंजवर! रायफल क्लॅम्पमध्ये आवळायची, एकेका डायमधून काढलेले छर्रे मारायचे आणि कागद घेऊन घरी यायचं. इकडे माझ्या पोळ्या गार, आणि तिकडे ह्या दोघांचं पत्रिका जुळवल्यासारखं चाललेलं. एका ठिपक्याची काही कामाची नाही म्हणे, तीन ठिपक्यांची छर्ऱ्याचा मागचा घेर चुरगळते. दोन ठिपक्यांच्या डायने मात्र सगळे छर्रे एकाच भोकात गेले. लेक स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यातच पडली. ह्यांनी उरलेल्या दोघी त्याच दिवशी भंगारात टाकल्या. नको ती डाय जवळ ठेवली की ऐनवेळी तीच हाताला लागते, हा ह्यांचा नियम.

खंडेनवमीला गाळ्यात हत्यारांची पूजा असते. देवीपुढे मळकं हत्यार ठेवायचं नाही, असं ह्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. आदल्या दिवशी हे पाट मांडून बसतात, एकेक हत्यार रॉकेलमध्ये धुतात आणि पॉलिशची पेस्ट लावून आरशासारखं करतात. मी शेजारी झेंडूचे हार ओवत होते. शेजारच्या गाळेवाल्याशी ह्यांच्या गप्पा रंगल्या होत्या आणि हात आपले चालू होते. लेकीची डाय हातात आली. ती बाहेरून चमकवली, मग काडीला पेस्ट लावून भोकातूनही घासली, एकदा, परत एकदा. मला वाटलं, किती मायेनं करतोय बाप!

दसऱ्याला सकाळी लेक छर्रे काढायला बसली. आधी काढून ठेवले तर डब्यात आपटून वाकतात, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशीच काढायचे. पहिला छर्रा डायवर ठेवला, तर ढकलावाच लागेना. आपसूक खाली पडला. दुसराही तसाच. तिनं डाय उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं.

"आई, पप्पांनी हिला पॉलिश केलं?"

"हो गं, सगळ्यांनाच करतात."

तिनं उठून दार लोटलं. "भोक वाढलंय."

"मग सांग ना त्यांना! दुसरी करतील."

"आणि निवडू कशी? रेंजला आज कुलूप. दुपारी निघायचंय." मग हळूच म्हणाली, "सांगितलं तर पप्पा उद्या माझ्या मागे उभे राहू शकतील का?"

बाहेर हे नवा शर्ट घालून आपट्याची पानं वाटत होते आणि येईल त्याला डायचं कौतुक सांगत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हाच. मला ह्यांचा राग आला, त्या मेल्या पॉलिशचा आला, देवीचासुद्धा आला. कणीक सैल झाली तर मूठभर पीठ टाकीन मी. पण पोलादाचं वाढलेलं भोक कसं बुजवू? तिनं डब्यातले छर्रे काचेवर लोळवून त्यातल्या त्यात सारखे वेचले. मी नुसती डबा धरून बसले.

पुण्यात तिची जागा थोडक्यात गेली. बाहेर आल्या आल्या ह्यांनी विचारलं, "डायचा काही त्रास?"

"छे, पप्पा. डाय एकदम बरोबर होती. माझाच हात हलला."

"असू दे बेटा. दे ती इकडे, तेल लावून ठेवतो." ह्यांनी डाय खिशात टाकली आणि आम्ही नाशिकची गाडी धरली. त्यानंतर तिनं रायफल फारशी काढली नाही. ह्यांनीही विषय काढला नाही. मला वाटलं, संपलं.

पुढच्या खंडेनवमीला मी हळदकुंकवाचं ताट घेऊन गाळ्यात गेले. लेक निरांजन घेऊन मागे. पाटावर सगळी हत्यारं लखलखत होती आणि मधोमध दोन ठिपक्यांची डाय, तेलानं काळी पडलेली, वर्षभराची धूळ चिकटलेली. तिला तेवढं कुणी पुसलं नव्हतं. म्हणजे पॉलिशनं काय झालं ते ह्यांना माहीत होतं. वर्षभर माहीत होतं.

मी वाकले तसे हे म्हणाले, "हिला हात लावू नकोस. लांबूनच टाक कुंकू."

लेक निरांजन घेऊन ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मी लांबूनच कुंकू टाकलं.