व्हय, आबा

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुणी 'न्हाई' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. शिरूर तालुक्यातलं आमचं गाव पाटाच्या पाण्यावर जगतं. पाटाला पाणी सुटलं की कुणाची पाळी आधी आणि कुणाची नंतर, हे आबा ठरवत. पाटबंधारे खात्याचा माणूस असतो म्हणा, पण तोही आधी आमच्या ओट्यावर चहा पितो आणि मग पाटावर जातो. आबा बोलायचे, लोक 'व्हय आबा' म्हणायचे आणि उठून कामाला लागायचे. या 'व्हय आबा'ची मला लहानपणापासून चीड. दौंडचं स्थळ आलं तेव्हा मला न विचारता त्यांनी होकार कळवला होता. त्या दिवशी मीही 'व्हय आबा'च म्हणाले, तो भाग वेगळा.

त्या रविवारी मी दौंडहून माहेरी आले होते. पाणी सुटणार म्हणून सकाळीच ओटा भरला होता. मी आत भाकरी थापत होते. बाहेरून आबांचा आवाज येत होता, नेहमीसारखाच भारदस्त. मध्येच थांबणं, मग एखाद्या शब्दावर जोर देणं, शेवटी 'कळलं का?' सगळं जिथल्या तिथं. लोक 'व्हय आबा, बराबर हाय' म्हणाले, चहा पिऊन गेले.

दुपारी आमच्याच भावकीतले दोघं शेतकरी चिखलाच्या पायांनी अंगणात आले, एकमेकांची गचांडी धरून.

"आबांनी पाळी मला दिलीया. समद्यांम्होरं दिलीया!"

"आरं हट्! मला दिली. मी काय भयरा हाय व्हय?"

आबांनी नुसता हात वर केला. दोघं गप्प. मग आबांनी शांतपणे निवाडा दिला. "आसं हाय, कडंचं वाकळं आधी लोटून घ्या. त्याचा सुमार येतुय का बघा, आन् मंग वरच्याला ताटवं जुंपा. त्यात काय भोरव्याची गोष्ट हाय? कळलं का?"

"व्हय आबा," दोघंही एकदम म्हणाले. आणि एकमेकांकडं वळून, तेही एकदमच, "बघ, मी काय म्हणत हुतो?"

मी दारात ताट पुशीत उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मी आबांचे नुसते शब्द ऐकले होते, आणि त्यांत काहीही नव्हतं. वाकळ म्हणजे गोधडी, ती पाटाच्या पाण्यात कशाला लोटायची? आणि भोरवं म्हणजे काय?

मी पुढं गेले. "आबा, आज कोणता वार हाय?"

आबा हसले. माझ्याकडं मायेनं बघत म्हणाले, "तुझं काय बाई, तू आपली तिकडून वळवून घे. गाडव्याला लागंलच की."

भावानं गाडी काढली, आईही बसली. शिरूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. खुणेनं काही कळू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि चेहरा कोरा ठेवून म्हणाले, "आबा, डोळे मिटा." आबा त्यांच्याशी ऐसपैस बोलायला लागले. 'उजवा हात वर करा' म्हटलं तर मान डोलावून आणखी बोलले. मग डॉक्टरांनी स्वतः हात वर करून दाखवला, तर आबांनी लगेच केला.

"कानाला ऐकू येतंय," डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले. "पण मेंदूत जिथं शब्दांचा अर्थ लागतो, तिथला रक्तपुरवठा अडलाय. आपलं त्यांना कळत नाही, आणि त्यांचं त्यांनाही कळत नाही. त्यांच्या मते ते बरोबरच बोलतायत. कधीपासून आहे हे?"

भावानं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. कुणालाच सांगता येईना. सकाळी मी त्यांना चहा दिला, उसाचं विचारलं, त्यांनी काहीतरी सांगितलं आणि माझं समाधान झालं. काय सांगितलं? देवाशपथ, मला आठवेना. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलं असतं तर..."

माणसाचं बोलणं आपण ऐकतो, असं मला वाटायचं. कसलं ऐकतो! सूर ऐकतो, तोंडाकडं बघतो, आणि मधले शब्द आपल्या मनातले भरतो. त्या दोघांना पाणी हवं होतं, त्यांनी पाणी ऐकलं. भरल्या ओट्यावर एक माणूस अर्थाला पारखा झाला होता आणि सगळं गाव माना डोलावत होतं. माझ्यासकट. आजही दौंडच्या बाजारात कुणी मला 'हो हो' म्हणालं की मी दचकते.

आबांचा जीव वाचला. घरी आल्यावर भेटायला रीघ लागली. आबा तासन्‌तास बोलत, लोक 'व्हय आबा' म्हणत, आबा खूश. बोलणं परत शिकवणाऱ्या बाईंनी मात्र आम्हाला बजावलं होतं, "कळलं नाही तर मान हलवायची नाही. 'नाही कळलं' असं तोंडानं म्हणा आणि हातानं, चेहऱ्यानं दाखवा. तुम्ही होकार देत राहिलात, तर चुकतंय हे त्यांना कधीच समजणार नाही."

बाई सांगतात तसंच करू, असं मी म्हणताच भाऊ माझ्यावर उखडला. "आबांना न्हाई म्हणायचं? ह्या वयात त्यांचा पाणउतारा करायचा? आनंदात हायेत तर राहू दे की."

मला त्याचा राग आला, पण त्याचं खोटं नव्हतं. आपलं बोलणं गेलंय हे ठाऊक नसलेला माणूस सुखी होता. ते त्याला सांगायचं कुणी? मी तोंड उघडलं की घशातून आपोआप 'व्हय'च निघायचं.

ते आईनं केलं. जन्मभर आबांपुढं मान वर न केलेली माझी आई त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची आणि हात आडवा हलवून म्हणायची, "न्हाई. कळलं न्हाई मला." पहिल्या दिवशी आबा बघतच राहिले. मग भडकले, ताट ढकललं. दुसऱ्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडले. आई बाहेर येऊन पदरानं डोळे पुसायची आणि परत आत जाऊन बसायची. हे कित्येक आठवडे चाललं. पुढंपुढं आबा फार बोलेनासे झाले. भाऊ मला म्हणाला, "झालं समाधान?"

एका दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आबांना ठसका लागला. ते हात हलवत म्हणाले, "फावडं!"

"न्हाई कळलं," आई म्हणाली.

"फावडं! फावडं!" आबा ओरडले.

आई उठली. गोठ्यातून खरंच फावडं घेऊन आली आणि त्यांच्या ताटासमोर ठेवलं. "हे?"

भावानं कपाळावर हात मारला. आबा त्या फावड्याकडं बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, तोच शब्द पुन्हा हळूच, जणू तो आपल्याच कानांनी ऐकून बघत असावेत. मग त्यांनी आईकडं बघितलं आणि आईसारखाच हात आडवा हलवला.

"न्हाई," आबा म्हणाले.

भावाच्या हातातला घास तसाच. आई फावड्याशेजारी खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. त्या गडबडीत आबांना पाणी द्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.