मागच्या चाकांचा गुलाल

उन्हात तापलेल्या चामड्याचा वास आणि त्यावर तरंगत आलेला ओल्या खोबऱ्याचा, गुलालाचा गंध. म्हसवडच्या सिद्धनाथासमोर, नदीच्या कोरड्या पात्रालगतच्या मोकळ्या पटांगणात, माघातल्या त्या सकाळी मी ज्या आसनावर बसले होते ते जमिनीला इतकं लगटून होतं की शेजारून जाणारी शेळी थेट माझ्या डोळ्यांत पाहू शकत होती. तिने पाहिलंही. मी तिथे काय करते आहे, हे आम्हा दोघींनाही नीटसं कळलं नव्हतं.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, संपतची. पलटणीतून निवृत्त होऊन तो वडूजजवळच्या आमच्या मळ्यात परतला आणि उभ्या आयुष्यात मनाशी जपलेली एकुलती एक चैन त्याने पुण्याहून घरी आणली: निळीशार, दोनच माणसांची, परदेशी स्पोर्ट्स कार. तीही जुनी, आजच्या गाड्यांसारखी घसरण आपोआप सावरणारी यंत्रणा तिच्यात नव्हती. इंजिन पुढे, पण त्याचं सारं बळ मागच्या चाकांना. नवं वाहन आधी सिद्धनाथाला दाखवायचं आणि देवाच्या दारातून ते थोरल्या लेकीने बाहेर काढायचं, ही आमच्या घरची रीत. बैलगाडीचा कासरा मी धरला होता, ट्रॅक्टर वडिलांच्या मांडीवर बसून मीच हाकला होता, आणि त्या मानाचा मला कोण अभिमान! पण गेल्या पावसाळ्यात वडूजच्या अलीकडे, चिंचेच्या वळणावर, माझी लहानशी गाडी ओल्या रस्त्यावर घसरली, गरकन फिरली आणि चरात जाऊन थांबली. मला खरचटलंसुद्धा नाही. मात्र तेव्हापासून सांगलीत विश्रामबागेतल्या घरातून कॉलेजात शिकवायला मी रिक्षाने जात होते. स्टीअरिंगच्या नुसत्या विचाराने तळवे ओले होत. आज नाही म्हटलं असतं तर मान धाकट्या बहिणीकडे गेला असता, मला कुणी शब्दानेही बोललं नसतं, आणि मी पुन्हा कधीच गाडी चालवली नसती. हे मला पक्कं ठाऊक होतं.

पूजा भावजयीने, सुनंदाने मांडली. चारही चाकांना हळदकुंकू, चाकांखाली लिंबं, हे नेहमीचंच. पण संपतने तिला गाडीचं मर्म कौतुकाने सांगून ठेवलेलं. "आवं वन्सं, समदा जोर मागच्या चाकांतच हाय म्हनं," असं म्हणत तिने मारुतीला लावतात तसा तेलात कालवलेला शेंदूर मागच्या दोन्ही टायरांना सढळ हाताने चोपडला, नारळाचं पाणी ओतलं, वर गुलालाच्या मुठी उधळल्या. आम्ही सगळ्यांनी मनोभावे हात जोडले. पलटणीत जन्मभर ट्रक हाकलेल्या संपतनेसुद्धा! तेल लागलेलं टायर काय करतं, हे त्या घडीला एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"आक्का, शेपूट जिकडं जाईल तिकडंच चाक वळवायचं," शेजारी बसत तो म्हणाला. "अन् ब्रेक दाबायचा न्हाई. लय लाडानं घे."

किल्ली फिरवली आणि तो आवाज मी कानांनी नव्हे, पाठीच्या कण्याने ऐकला. लिंबं फुटली. पाय जरा जास्त पडला असावा. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, लाल धुरळा उठला आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडे निसटला. मंदिराचं शिखर काचेतून सरकत गेलं. पुन्हा तोच क्षण, चिंचेच्या वळणावरचा. मी खूप घाबरले. पाय ब्रेककडे निघालासुद्धा होता. तो कसा थांबला, मला सांगता येणार नाही. मी तो तसाच वर उचलून धरला, चाक उजवीकडे वळवलं, आणि ते एवढं थोरलं बळ, जे मला उधळून देईल असं वाटत होतं, ते पाठीमागे येऊन निमूट उभं राहिलं.

"आता थांबव, मी घेतो," संपत म्हणाला. मी थांबले नाही.

वडूजच्या रस्त्याला लागेपर्यंत टायरांचं तेल धुळीत पुसलं गेलं होतं. दोन्ही अंगांना दाण्यात आलेली ज्वारी, हुरड्याच्या शेकोट्यांचा वास, पिवळंधमक ऊन. आणि सरळ रस्ता पाहून मी पाय किंचित दाबला तेव्हा कुणी ओढल्यासारखं नव्हे, तर घरच्या वडीलधाऱ्याने पाठीवर तळहात ठेवून 'जा' म्हणावं तसं मागून काहीतरी आलं. पुढची चाकं माझ्या बोटांशी हळू बोलत होती, जोर सगळा पाठीत होता. माणसाने घडवलेल्या वस्तूत एवढं सामर्थ्य आणि एवढी नजाकत एकत्र असू शकते, याने मी थक्क होऊन गेले. चिंचेचं वळण आलं. भीती होतीच, ती गेली की मग चालवू, असं इतके महिने उगाच वाटत होतं. मी वेग उतरवला, वळले, आणि वळण संपता संपता पुन्हा हलकेच पाय दिला.

आम्ही मळ्यात पोचलो. थोड्या वेळाने बाकीच्यांबरोबर मागून आलेली सुनंदा कळशी घेऊन मागची चाकं धुवायला आली. टायरच्या कडेला गुलाल अजून थोडा चिकटून होता.

"उद्या सांगलीला सोडतो तुला," संपत म्हणाला आणि किल्लीसाठी त्याने हात पुढे केला.

"सोड की," मी म्हटलं, "पण चालवणार मी." आणि सुनंदाला म्हटलं, तेवढा गुलाल राहू दे.