कपाटाला टेकवलेली गिटार

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या अपार्टमेंटच्या फाटकाशी पत्रकं वाटत होते. घरकामाच्या बायकांना वेगळी लिफ्ट कशासाठी, असा पत्रकाचा विषय. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "अण्णा गेले. दुकानातच. घरी ये." मी हो म्हटलं आणि समोरून येणाऱ्या माणसाला पत्रक दिलं. त्याच्या मागच्यालाही दिलं. माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखून वॉचमननं हातातला गठ्ठा काढून घेतला आणि कन्नडमध्ये म्हणाला, आधी घरी जा अम्मा, हे मी वाटतो. त्याला सहा आठवडे झाले. तेव्हापासून मी एकही पत्रक लिहिलेलं नाही. हा लेख लिहितेय, कारण एक कबुली द्यायची आहे आणि ती पत्रकात मावत नाही.

अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. दिवसभर आमच्या कापडाच्या दुकानात ब्लाउजपीस फाडून द्यायचे आणि संध्याकाळी 'कॉपर गेट' नावाच्या रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. चाळीसेक वर्षं हे दोन्ही चाललं. इंदिरानगरच्या आमच्या घरात आजोबांना स्पीकर चालायचा नाही, आणि बेस गिटार स्पीकरशिवाय वाजवली तर वाजवणाऱ्यालाही धड ऐकू येत नाही. त्यावर अण्णांनी तोडगा काढला होता. खुर्चीत बसून, डावीकडे कलून, गिटारीचं डोकं ते सागवानी कपाटाला टेकवायचे. मग सगळं कपाटच घुमायचं, पण खोलीबाहेर आवाज जायचा नाही. लहानपणी मी त्या कपाटाला पाठ लावून गृहपाठ करायचे. सूर कानाआधी पाठीला लागायचे. मध्येच मी काही विचारलं की अण्णा कन्नड मिसळून "स्वल्प थांब, पुट्टी", म्हणजे जरा थांब, पोरी, म्हणायचे आणि तुकडा पुरा करायचे. कपाटावर त्या जागी पॉलिश उडून रुपयाएवढा खळगा पडला आहे.

मग बँड थकला. गायकाचा आवाज गेला, ड्रम वाजवणाऱ्या विन्सेंट अंकलचे हात थरथरायला लागले. चौघांनी रीतसर निवृत्ती घेतली. दोन वर्षांनी एक कंपनी आली. तुम्ही घरी बसा म्हणाली, तुमचे डिजिटल अवतार स्टेजवर वाजवतील. म्हणजे अंगभर ठिपक्यांचा सूट घालून एकदा हालचाली द्यायच्या, जुनी रेकॉर्डिंग द्यायची, आणि पडद्यावर चौघे तिशीतले होऊन उभे राहणार. चौघांनी होकार दिला. मी भडकले. स्पष्ट लिहिते, मला ते आजही पटलेलं नाही. माणूस म्हातारा झाला की त्याला घरी बसवायचं आणि त्याची तिशी कामाला लावायची, ही कसली कला? अण्णांशी वाद घातला, तर ते हसून चहा ठेवायला उठले. म्हणून मी मला जे येतं ते केलं. पत्रक काढलं. वर अण्णांचा फोटो टाकला. मीच काढलेला, दुकानात गल्ल्यामागे बसलेले, चष्मा कपाळावर. खाली मोठ्या अक्षरांत: 'या माणसाची नक्कल विकायला काढली आहे.'

पहिल्या शोला हॉलबाहेर मी ते वाटत होते. अण्णा रांगेतून इतरांसारखेच पुढे आले आणि माझ्या हातातून एक घेतलं. वरपासून खालपर्यंत नीट वाचलं.

"फोटो चांगला आलाय," म्हणाले. "मला विचारलं होतंस?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठीच करतेय ना, अण्णा."

"त्यांनी विचारलं, पुट्टी. तीनदा विचारलं, मग सही घेतली." पत्रकाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. "सरी..." म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि आत गेले.

बोलणं बंद झालं नाही. दिवाळीला मी घरी गेले, फराळ केला, त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली. फक्त त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. माफी मागायला तोंड होतं, वेळ होता, आणि आपण बरोबर आहोत ही खात्रीही होती. तीच आड आली. आता घरात हार घालून लावलेला फोटो तोच, चष्मा कपाळावर असलेला. दुसरा चांगला सापडला नाही. तोही त्यांना न विचारताच लावला.

तेराव्यानंतर कंपनीतून एका बाईंचा फोन आला. अण्णांनी करारात एक कलम घालून घेतलं होतं म्हणे. त्यांच्यामागे अवतार थांबवायचा, आणि पुतणीनं लेखी संमती दिली तरच पुढे चालवायचा. पुतणी म्हणजे मी. बाबा नाहीत, बँडमधलं कुणी नाही. अवतार थांबला तर शोही थांबणार होते. मला हातात काठी मिळाल्यासारखं झालं. नाही म्हणायचं की संपलं. तरी नाही म्हणण्याआधी विन्सेंट अंकलना भेटायचं ठरवलं. एकदा न विचारल्याचं अजून सलत होतं.

ते एचएसआर लेआउटमध्ये मुलीकडे राहतात. आम्ही कन्नडमध्येच बोलतो. चहाचा कप मुलीनं अर्धाच भरून दिला होता, तरी तो बशीत वाजत होता. ते म्हणाले, अण्णांना यातलं काही नको होतं. पण अंकलना एकदा तरी पुन्हा वाजवायचं होतं, आणि बेसशिवाय ड्रम एकटा पडतो, एवढ्यासाठी अण्णा आले. अंकलचा हात बरा चालेल त्या सकाळी कंपनीनं थोडं थोडं वाजवून घेतलं, मग जोडलं. पहिल्या शोला दोघं शेजारी बसले होते. "हात माझे तेव्हाही हलत होते," अंकल म्हणाले, "पण मी वर पडद्याकडे बघत होतो."

मग त्यांना आठवलं. स्टुडिओत दोन गाण्यांच्या मध्ये अण्णा उभ्याउभ्याच डावीकडे कलायचे, गिटारीचं डोकं हवेत कशाला तरी टेकवायला जायचे. कॉम्प्युटरवरच्या मुलीला ते फार आवडलं. किती खरं वाटतं, ठेवूया म्हणाली. अण्णा ओशाळले. "ते काढा," म्हणाले. "ते वाजवणं नाही, घरचं आहे." काढलं याची खात्री करूनच सही केली.

मी कप खाली ठेवला. काय द्यायचं आणि काय नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आणि मी त्याला फसवला गेलेला म्हणून छापलं होतं.

निघताना विचारलं, माझंच नाव का घातलं? अंकल हसले. "मीही विचारलं. म्हणाला, आमच्या घरात नाही म्हणता येतं ते फक्त तिला."

मी सही केली. एका वर्षापुरती. दरवर्षी पुन्हा विचारायचं, मला आणि अंकलनाही, असं लिहून घेतलं. ते डावीकडे कलणं जपून ठेवलं असेल तर कायमचं पुसायचं, हेही. माझं मत बदललेलं नाही. पण हे माझं मत आहे, आणि तो अण्णांचा होकार होता. या दोन्हीत मी गल्लत केली होती. माझी कबुली ही.

गेल्या रविवारी अण्णांची खोली आवरायला गेले. गिटार कोपऱ्यात उभी होती, कपाट बंद. मी खुर्ची ओढून बसले, हात पुढे केला आणि थांबले. "अण्णा, घेऊ का?" मोठ्यानं विचारलं. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, स्वयंपाकघरात आईनं नळ बंद केला... स्वल्प थांबले. मग गिटार घेऊन, डावीकडे कलून, तिचं डोकं त्या खळग्यात टेकवलं आणि सगळ्यात जाड तार एकदा छेडली. मला वाजवता येत नाही. कपाट घुमलं आणि आतले त्यांच्या शर्टांचे हँगर एकमेकांना लागून किणकिणले.