चौरस माणूस

एकाहत्तर साली कोपरगावकडच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला लागले. नोकरी एका वर्षाची. पुढे कायम करायचं की नारळ द्यायचा, हे संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात. नारळ मिळाला असता तर नगरला परत जाऊन येईल त्या स्थळासमोर पोह्यांचं ताट धरायचं, हे घरी ठरलेलंच होतं. मला ते ताट धरायचं नव्हतं.

माझ्या वाट्याला आले अठराव्या शतकातले इंग्रजी विनोदी लेख. त्यांतली माणसं ठरलेल्या साच्यातली: नटवा, पढतमूर्ख, खुशमस्कऱ्या आणि खेड्यातला जमीनदार, म्हणजे स्क्वायर. उसाच्या पट्ट्यातल्या पोरांना हे कसं पचायचं? मी म्हणाले, "स्क्वायर म्हणजे आपला बडा बागायतदार. स्वतःच्या विनोदाला आधी स्वतः हसतो आणि कुणाच्या मयताला गेला तरी विषय आपल्या घोड्यावर आणतो. घोड्याच्या जागी ऊस घाला, की झालं!" वर्ग असा हसला की शेजारचे सर डोकावून गेले. मी जाम खूश.

अध्यक्षांना मी तोवर पाहिलंच नव्हतं, हीच सगळी भानगड. पंधरा दिवसांत अख्खं कॉलेज त्यांना स्क्वायर म्हणू लागलं आणि पोरांच्या तोंडी त्याचा 'स्क्वेर' झाला. मग मला बोलावणं आलं.

"बसा बाई. यंदा आमचा ऊस लई गोड हाय, मुंग्यान्लाबी डायबेटीस व्हईल," अध्यक्ष म्हणाले आणि एकटेच हसत सुटले. वर्ग का हसला होता ते मला तिथं कळलं. "पोरं मला स्क्वेर म्हनत्यात. गनिताचे सर सांगत्यात, स्क्वेर म्हंजी चौरस. मी काय चौरस हाय व्हय?"

समोर मला कायम करण्याचा अर्ज पडला होता. "साहेब," मी म्हणाले, "चौरसाच्या चारी बाजू सारख्या असतात. तसे तुम्ही. सगळ्यांना सारखं वागवणारे."

त्यांनी तिथल्या तिथं सही ठोकली.

स्नेहसंमेलनात ते उसावर वीस मिनिटं बोलले आणि शेवटी गरजले, "मी स्क्वेर हाय! चारी बाजू सारख्या. ह्ये तुमच्या बाईंनीच सांगितलं मला!" पोरांनी शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. टाळ्या मीही वाजवल्या, जरा जास्तच.

सोमवारी धडा होता खुशमस्कऱ्याचा. पहिल्या बाकावरची, माझा शब्दन्‌शब्द टिपून घेणारी मुलगी उभी राहिली. "बाई, स्क्वायर म्हंजी बागायतदार. मग खुशमस्कऱ्या म्हंजी आपल्याकडं कोन?"

या वेळी कुणी हसलं नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते परीक्षेला येत नाही," मी म्हणाले आणि पान उलटलं.

तिनं मात्र खाली बसून वहीत काहीतरी लिहून घेतलं.