टीव्हीशेजारची जागा

आमच्या घरात आधी डब्याचा टीव्ही होता. दाराजवळच्या कोपऱ्यात लाकडी स्टुलावर ठेवलेला. आणि त्या स्टुलाला खेटून, भिंतीला पाठ लावून आमचे हे बसायचे. रोज संध्याकाळी तिथंच. सुनेनं कधी कॉट झाडून दिली, उशी लावून दिली, तरी हे उठून पुन्हा तिथंच जाऊन बसत.

"आप्पा टीव्हीत घुसतील एक दिवस," असं मुलगा म्हणायचा.

"घुसू द्या की. आतली लोकं तरी तोंडावर बोलत्यात," हे म्हणायचे, आणि सगळे हसायचे.

ह्यांना ऐकू येत नव्हतं. हे मूळचे मंगळवेढ्याकडचे, लग्नाआधीच सोलापुरात येऊन चादरीच्या कारखान्यात मागावर लागले. सगळा जन्म त्या खडखडाटात गेला. तिथं शेजारच्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यातली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. ह्यांनाही ती सवय लागली होती. ह्यांचे कान गेलेत हे त्या सवयीपायीच आम्हाला फार उशिरा कळलं. मागून हाक मारली की हे ओ देत नसत. मला वाटायचं, रागावलेत. मी मनात कुढत बसायची आणि ह्यांना हाक ऐकूच गेलेली नसायची.

मुलानं कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ह्यांनी चार दिवस घालून बघितलं आणि काढून डबीत ठेवलं. म्हणाले, "ह्यात समदे माग पुन्हा सुरू हुत्यात."

मी पहिल्यापासून लाजरी. माहेरी चौथीपर्यंत शाळा झाली, तिथंही बाईंनी काही विचारलं की मी खाली बघायची. सासरी आल्यावर तर बोलायचं झालं तरी पदर तोंडावर धरून. हसू आलं तरी पदर. घरी विड्या वळताना सूप मांडीवर आणि मान खाली, त्यामुळे माझं तोंड कुणाला दिसायचंच नाही. ह्यांचे कान गेले तेव्हा ही सवय आडवी आली.

"अगं, पदर काढ," हे म्हणायचे. "मला डोळ्यानं ऐकू येतंय, ठावं हाय की."

एवढ्या वयात मी तोंड वर करून बोलायला शिकले. पण ह्यांच्यापुढेच. बाहेर कुणी असलं की हात आपोआप पदराकडे जायचा.

डब्याच्या टीव्हीवर आडव्या रेघा यायला लागल्या तेव्हा मुलानं नवा घ्यायचं काढलं. आता सगळ्यांकडे असतो तसा, चपटा, भिंतीवर लावायचा. पैशाचं तो बघणार होता. तो म्हणाला, "बत्तीस इंची बास झाला आपल्या खोलीला."

मी घरात कशात बोलत नाही. भांडी कुठली, पडदे कुठले, सगळं सून आणि मुलगा बघतात. पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, "मोठा घ्या. लई मोठा घ्या. ह्यांना कॉटवरनं दिसाया पायजे. किती दिवस स्टुलाशेजारी बसत्याल? गुडघं धरत्यात."

सून म्हणाली, "आत्या बोलल्या म्हंजे आता त्रेचाळीसच!"

आम्हा सगळ्यांची तशीच समजूत होती. टीव्ही लहान, ऐकू येत नाही, म्हणून हे जवळ जाऊन बसतात. मोठा आणला, माणसांचे ओठ मोठे दिसले, की हे आमच्यात येऊन बसतील. कान गेल्यापासून हे दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. कारखानाही सुटला होता. मला एवढंच हवं होतं की संध्याकाळी दोन तास तरी ह्यांनी आमच्यासारखं आमच्यात असावं.

मी पदराच्या काठानं भिंत मोजली. किती हात भरली ते ध्यानात ठेवलं आणि दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही सगळे दुकानात गेलो. मुलगा, सून, माझी नात, हे आणि मी.

दुकानात आख्खी भिंत टीव्हींनी भरलेली. सगळ्यांवर एकच पोपट. तो पंख उघडायचा, मग एक धबधबा, मग पुन्हा पोपट. गाणं मोठ्यानं लावलेलं. दुकानातला माणूस मुलाला काय काय सांगत होता. मला म्हणाला, "काकू, रंग बघा रंग! पोपट हातात येतोय का न्हाय बघा."

नात खरंच हात लावायला गेली. सून म्हणाली, "ह्यो पोपट घरी आल्यावर बोलतो का नुस्ता उडतोय?"

मला विचारायचं होतं की एखादं बोलणारं माणूस लावून दाखवा, ओठ कसे दिसतात ते बघू. पण परक्या माणसापुढे शब्द बाहेर पडला नाही.

हे मात्र टीव्हींकडे बघतच नव्हते. टीव्हींना पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभे होते. आम्ही हसलो की हे हसत होते.

मुलगा ह्यांचा खांदा धरून म्हणाला, "आप्पा, टीव्ही तिकडं हाय की!"

दुकानातला माणूस म्हणाला, "काका टीव्ही सोडून गिऱ्हाइकंच बघायलेत!" त्यावर आणखी हसू झालं. मला लाज वाटली. मी जवळ जाऊन, पदर तोंडावर धरून विचारलं, "ह्यो घ्यायचा का?" माझे डोळे तेवढे ह्यांना दिसले असतील. ह्यांनी मान हलवली. ओठ दिसले नाहीत की हे नेहमी मान हलवत. हे मला माहीत होतं. तरी मी तो होकार धरला.

खंडेनवमीला टीव्ही घरी आला. कारखान्यात असताना हे त्या दिवशी मागाला हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. तशीच ह्यांनी टीव्हीची पूजा केली. नारळ फोडला. रिमोटलासुद्धा कुंकवाचं बोट लावलं. सून म्हणाली, "मामा, बटणात कुंकू जाईल!" हे म्हणाले, "जाऊ दे. सवाशीण झाली ती."

बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, किती उंचीवर? नात हात लावते म्हणून मुलानं वर लावायला सांगितला. त्या कोपऱ्यालगतच्या मोठ्या भिंतीवर, कपाटाच्या उंचीहूनही वर. स्टूल बाहेर गेलं, जुना टीव्ही भंगारवाल्यानं नेला. कॉट मधोमध घेतली आणि ह्यांना उशीला टेकवून बसवलं. एका बाजूला मुलगा, एका बाजूला सून, पुढे नात, खाली मी सूप घेऊन. मला इतकं बरं वाटलं. हे पहिल्यांदाच आमच्या रांगेत बसले होते.

पहिले काही दिवस हे बघत राहिले. मग मला दिसायला लागलं की ह्यांची मान वर भिंतीकडे नसते. मुलाकडे वळते, सुनेकडे वळते, पुन्हा मुलाकडे. सगळे समोर बघत असायचे. बोलायचे तेही समोर बघूनच. मग एक दिवस हे उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही. नंतर दिवेलागण झाली की तिथंच.

मुलगा दुखावला. "एवढा मोठा टीव्ही ह्यांच्यासाठी घेतला आन ह्ये बाहेर! आवडत न्हाय तर तसं सांगायचं तरी."

मलाही तेच वाटत होतं.

मग एका संध्याकाळी लाईट गेली. सुनेनं मोबाईलची बॅटरी लावून तो स्टीलच्या पेल्यात उभा केला आणि पेला खोलीच्या मधोमध ठेवला. सगळे त्या उजेडाभोवती गोळा झाले. अंधार बघून हे पायरीवरनं आत आले आणि सवयीनं स्टूल असायचं त्या कोपऱ्यात जाऊन बसले. सून टॉवेल शिवायच्या कारखान्यात जाते. ती तिथल्या एका बाईची गोष्ट सांगत होती. बाई सुपरवायझरला चुकवून डबा खात होती आणि त्याची चाहूल लागताच तिनं भाकरी टॉवेलाच्या गठ्ठ्यात लपवली.

हे लगेच म्हणाले, "ती भाकरी गेली असंल मुंबैला, पॅक हून!"

सगळे पोट धरून हसले. ह्यांचा आवाज मी किती दिवसांनी ऐकला होता. नात म्हणाली, "आजोबा, अजून सांगा." ह्यांनी कारखान्यातली एक जुनी गंमत सांगितली. मग सुनेनं तिची गोष्ट पुढे चालू केली, "मग त्या सुपरवायझरनं काय केलं ठावं हाय का, त्यानं तो गठ्ठाच—"

आणि लाईट आली. टीव्ही आपोआप सुरू झाला. सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या. सून बोलायची थांबली नव्हती. ती भिंतीकडे बघून गोष्ट पुरी करत होती, मुलगा हसत होता. ह्यांना तिचा कान तेवढा दिसत होता. हे पुढे वाकले, माझ्या कोपराला हात लावून हळूच म्हणाले, "फुडं काय म्हनली ती?"

तेव्हा मला कळलं.

सकाळी मुलगा-सून कामावर गेल्यावर मी सूप बाजूला ठेवलं, तोंड वर केलं आणि विचारलं, "अवो, तुमी त्या टीव्हीला खेटून का बसत हुता?"

"तितनं दिसत हुतं की."

"टीव्ही?"

"टीव्ही कुटं दिसतूय बाजूनं?" हे म्हणाले. "तुमी दिसत हुता. समद्यांची तोंडं माझ्याकडं. अंधार पडला तरी टीव्हीचा उजेड तोंडावर. कोन काय म्हनतंय समदं कळायचं."

"मग दुकानात का बोलला न्हाय?"

हे म्हणाले, "समदी हसत हुता. आन तू जन्मात कवा काय मागितलंस? पैल्यांदा मागितलंस."

मी मुलाला सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण टीव्ही हलवायला दुसरी भिंत नव्हती आणि नातीमुळे खाली घेता येत नव्हता. त्यानं मग कॉट उचलून टीव्हीच्या बरोबर खाली लावली. म्हणाला, "आप्पा, आता समदे तुमच्याकडंच बघतील."

हे दोन संध्याकाळी तिथं बसले. आम्ही सगळे समोर. पण डोळे ह्यांच्या डोक्यावरनं जात होते आणि आवाज एवढा मोठा की मधे कुणी बोलतच नव्हतं. जुन्या टीव्हीला जाहिरात लागली की गप्पा व्हायच्या. ह्याच्यात जाहिरातीही बघण्यासारख्या.

"देवळाच्या पायरीगत झालंय माझं," हे मला म्हणाले. "समदी हिकडंच बघत्यात. पन देवाला." आणि बाहेर पायरीवर गेले. मीही सूप घेऊन तिथंच बसायला लागले, ह्यांच्याकडे तोंड करून. आत कोण काय म्हणालं ते ऐकायचं आणि ओठांनी ह्यांना सांगायचं. थंडी पडली तरी आम्ही तिथं बसत होतो. शेजारणी हसायच्या, "म्हातारा-म्हातारी दारात बसून मुक्यानं भांडत्यात."

त्याच थंडीत हे आजारी पडले. दवाखान्यातून घरी आणल्यावर भेटायला माणसं यायची. कॉटभोवती उभी राहून एकमेकांशी बोलायची, मान तिकडे वळवून. कोण म्हणायचं वय झालं, कोण म्हणायचं बघू. ह्यांचे डोळे एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर फिरत. मी पायाशी बसून, माणसं असतानाही पदर न धरता, सगळं ओठांनी सांगत राहिले. जे सांगण्यासारखं नव्हतं त्याऐवजी दुसरं सांगितलं. सुनेच्या त्या गोष्टीचा शेवटही सांगितला, की सुपरवायझरनं तो गठ्ठा तसाच गाडीत चढवला. हे ओठांनीच म्हणाले, "म्हंजे गेलीच की मुंबैला." ते ह्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

आता संध्याकाळी मी कोपऱ्यात बसते, जिथं स्टूल होतं तिथं. टीव्ही मला दिसत नाही. माणसं दिसतात, तीही बाजूनं. मुलगा काही बोलतो, सून त्याला उत्तर देते, नात मधेच काही विचारते, आणि माझे ओठ आपोआप हलत राहतात. आवाज निघत नाही.

परवा जाहिरात लागली तेव्हा सुनेनं वळून बघितलं. म्हणाली, "आत्या, जप करताय व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."